दोन पंख्यांचं कार्ड

प्रिय उंडग्या,

फोन केला की तू "आजी, नंतर करतो" म्हणतोस, आणि तुझं ते नंतर काही उजाडत नाही. म्हणून कागद घेतला. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण तुझा बाप असलंच वाचून मोठा झाला, तूही वाच.

नोकरीला जाताना तू कॉम्प्युटर मागे ठेवलास आणि मला त्यावरच्या खेळात ट्रक चालवायला शिकवून गेलास. संध्याकाळी शिलाई मशीन झाकलं की मी खेळात यायची. तू तिकडून, मी इकडून. तुझा ट्रक पुढे, माझा मागे. मी खांबाला धडकले की तू कानात खिदळायचास, मेल्या. मग तुम्ही सगळी पोरं नव्या खेळात गेलात. मी जुन्यातच हिंडत राहिले. एवढा रुंद रस्ता, पेट्रोलपंप, दिवे, आणि चिटपाखरू नाही. हॉर्न वाजवायचा तरी कुणासाठी? म्हटलं, आपणही जावं नव्यात. तर आपल्या कॉम्प्युटरच्या डब्यावर नवा खेळ असा चालायचा, जसा दमेकऱ्याने जिना चढावा.

कॉम्प्युटरच्या दुकानातली बाई म्हणाली, पडद्यावर चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्डचं, आणि तुमचं कार्ड म्हातारं झालंय. म्हटलं, म्हातारं झालं की लगेच काढून टाकायचं होय? तर म्हणते, आजी, नातवाला पाठवा, त्याला कळेल. म्हटलं, नातू घरात असता तर मी तुझं तोंड बघायला कशाला आले असते? तेव्हा कुठे नीट बोलायला लागली. कार्ड तापू नये म्हणून त्याला पंखे असतात; मला तीन पंख्यांचं आवडलं, चांगलं धष्टपुष्ट. तिने डब्याचं माप मागितलं. टेप माझ्या गळ्यातच असते. घरी येऊन माप घेतलं, तिला कळवलं, कार्ड आणलं. पण शिंपिणीची खोड जाते का? माप घेतलं बाहेरून, गिऱ्हाइकाच्या अंगावरून घ्यावं तसं! आत डिस्कचा पिंजरा आडवा बसलेला. कार्ड दोन बोटं लांब. कापड असतं तर दुमडून टीप मारली असती. पुन्हा पिशवीत घालून दुकानात. बाई हसली नाही, नुसते ओठ चावले. मग दोन पंख्यांचं, आखूड, आपल्या डब्याची वीज पुरेल असं दिलं. म्हणाली, चित्र सगळ्यात भारीवर ठेवू नका, मधल्यावर ठेवा. म्हटलं, मला रस्ता दिसला म्हणजे झालं, झाडाची पानं कोण मोजतंय?

आता खेळ लोण्यासारखा चालतो. नव्या खेळात सावल्याही पडतात. माझ्या ट्रकची सावली बाजूने चालते. बरी सोबत आहे, उलट बोलत नाही.

पण एक अडलंय. तुझं नाव तिथे रोज हिरवं दिसतं, म्हणजे तू खेळत असतोस. मी तुला मैत्रीची विनंती पाठवली, तू नाकारलीस. पुन्हा पाठवली, पुन्हा नाकारलीस. 'कात्री' नावाचं कुणीतरी आगंतुक आहे असं तुला वाटलं असेल. अरे, ती मी आहे. मला तुझ्या गप्पा नकोत, तुझ्या दोस्तांत मी तोंडही उघडणार नाही. तू पुढे चालव, मी मागून येते. तेवढं 'हो' दाब.

तुझीच,
मागच्या ट्रकातली आजी