तीन देशांच्या गाडीत खाल्लेला रोट

॥ श्री कानबाई प्रसन्न ॥

उधना, सुरत
१२ सप्टेंबर २०२५

ती. सुषमाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनच केला असता, पण तुझा फोन अमळनेरच्या त्या ओट्यावर पडलेला असतो आणि सासूबाई तो आधी उचलतात. त्या गायत्रीच्या सख्ख्या आत्या. यातला एक शब्द त्यांच्या कानावर गेला तर संध्याकाळपर्यंत कतारगामला तिच्या वडिलांच्या, काशिनाथकाकांच्या घरी पोचेल. म्हणून कागद. वाचून चुलीत घाल.

आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पण तोंड भिंतीकडे. कारण सांगतो, पण आधी गाडीचं सांगू दे, नाहीतर तुला काही कळणार नाही.

हिलालमामांबरोबर मी ताश्कंदला लूम बसवायला गेलो हे तुला ठाऊक आहे. कॉलेज सोडल्यापासून त्यांच्याच हाताखाली आहे ना, कडोदऱ्याला. तर तिथे पोचलो आणि मशिनांचा कंटेनरच आलेला नव्हता. मामा म्हणाले, बसून काय करतोस, फिरून ये. मामांना काय माहीत मला कुठे फिरायचंय! बिश्केकला गायत्री डॉक्टरकी शिकते हे तुला माहीत, मला माहीत, आणि तुझ्या हळदीच्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही हेही तुला माहीत. व्हिसा मी सुरतहूनच काढून ठेवला होता. रागावू नकोस.

ताई, ती गाडी! ताश्कंदहून निघते, मधे कझाकस्तान लागतं आणि पुढे किरगिझस्तान. एका गाडीत तीन देश. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याची टाकी, चहा काचेच्या पेल्यात. डब्याची मालकीण असल्यासारखी एक जाडजूड बाई कमरेला किल्ल्या लावून फिरते आणि पायात चपला नसतील तर तिच्या भाषेत झापते. बाहेर नुसतं गवत. स्टेशनावर बायका ही एवढाली खरबुजं घेऊन उभ्या. समोरच्या बाकावर एक कझाक आजोबा होते. त्यांनी मला अर्धं खरबूज खाऊ घातलं आणि माझं लग्न झालं का ते स्वतःच्या बोटातल्या अंगठीला हात लावून विचारलं. मी म्हटलं, त्यासाठीच निघालोय. त्यांना काय कळलं देव जाणे, पाठीवर थाप मारली.

लग्नाचं मी तिला बिश्केकलाच विचारून टाकलं. येताना गायत्री माझ्याबरोबर होती. तिला सुट्टी होती, तिला आणि तिच्या वराछाच्या मैत्रिणीला, चंचलला, समरकंद बघायचं होतं. कझाक हद्दीवर एक टोपीवाला गायत्रीचा पासपोर्ट घेऊन खाली उतरला तो येईचना. ती एकटी पोरगी, परका मुलुख. माझं डोकं सटकलं. उतरलो, त्याची बाही धरली, जेवढी हिंदी-गुजराती येते तेवढी त्याला ऐकवली. मग बराबर मिळाला पासपोर्ट. गायत्री थरथरत होती. गाडी हलली तशी तिने विचारलं, घरचं काही खायला आहे का.

माझ्याकडे आईने बांधून दिलेल्या दशम्या होत्या, कडक झालेल्या. यंदा श्रावणात कानबाईच्या प्रसादाचा रोट संपायच्या आत मला निघावं लागलं, म्हणून माझ्या नावाच्या सव्वा मुठीचं पीठ आईने वेगळं ठेवलं आणि त्याच्या दशम्या करून दिल्या. बजावलं होतं की हा तुझ्या मुठीचा वाटा, तूच संपवायचा, भाऊबंदांशिवाय कुणाला तुकडा द्यायचा नाही. आता गायत्रीला नाही कसं म्हणू? तिने विचारलं, रोटाच्या आहेत का. मी हो म्हटलं. तिने ओंजळ पुढे केली, कपाळाला लावली आणि खाल्ली. चंचलने हात पुढे केला तर गायत्रीने तिला दिली नाही. ताई, मला वाटलं गाडी जमिनीवरून चालतच नाहीये.

हे सगळं मी मूर्खासारखं आईला सांगितलं. आईचं म्हणणं एकच, रोट खाणारा तो भाऊबंद, आते ती तुनी बहीण व्हयनी, लग्नाचं नाव काढायचं नाही. मी म्हटलं, जाताना खरबुजाच्या बदल्यात त्या कझाक आजोबांनाही दशमीचा तुकडा दिला होता, मग ते गेले की सुतक पाळायचं का? तेव्हापासून भिंत.

बाबा आईच्या शब्दाबाहेर नाहीत. तू गावाला दत्तूआबांकडे जा. भाऊबंदकीत त्यांच्याहून वडील कुणी नाही. त्यांनी सांगितलं तर आई ऐकेल. दसऱ्याच्या आत काय ते व्हायला हवं, कारण काशिनाथकाका पुढच्या महिन्यात तिच्यासाठी बाहेरची स्थळं बघणार असं ऐकतो. माझी झोप उडालीय.

तुझ्या मायेवर विसंबलेला,
गजेंद्र

*

अमळनेर
१८ सप्टेंबर २०२५

चि. गजेंद्र यास अनेक आशीर्वाद.

पत्र चुलीत घातलं नाही, आमच्याकडे गॅस आहे. पिठाच्या डब्यात लपवलंय. सासूबाईंनी विचारलं, सुरतहून काय आलं, मी म्हटलं साड्यांचे नमुने. तुझ्यापायी मला खोटं बोलायला लागलं हे लक्षात ठेव.

पहिलं म्हणजे तुझी अक्कल गहाण पडली आहे का? परदेशातल्या साहेबाची बाही धरतोस? कोंडलं असतं तर बाबांनी कुठल्या वकिलाकडे जायचं होतं? लहानपणी पतंगाच्या मांजावरून काशिनाथकाकांच्या पुतण्याचं डोकं फोडलंस, तेव्हाही तुझं म्हणणं हेच होतं की डोकं आपोआप सटकलं.

दुसरं. सोमवारी गावी गेले. दत्तूआबा आता कानाने अधू झालेत, त्यामुळे तुझं प्रेम मला अर्ध्या गल्लीला ओरडून सांगावं लागलं. कझाक आजोबांचं ऐकून आबा इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, त्याला पुढल्या श्रावणात बोलाव, त्याची पण मूठ धरू.  मग म्हणाले की रोट दळतात तो घरातल्या पुरुषांच्या मुठीचा. बायको येते ती नवऱ्याच्या मुठीतलं खाते, तिची वेगळी मूठ नसते. पोरीने सगळ्या घराचा रोट खाल्ला असता तर गोष्ट वेगळी. तिने एकट्या गजेंद्रच्या मुठीचं खाल्लं, म्हणजे ती बहीण होत नाही. तुझ्या आईला, कलाबाईला, माझं नाव सांग, असंही म्हणाले. मी तिथूनच त्यांच्या फोनवरून त्यांना आईशी बोलायला लावलं.

आता नाचू नकोस. मला एक सांग. तू गाडीचं लिहिलंस, खरबुजाचं लिहिलंस, किल्ल्यावाल्या बाईचं लिहिलंस. गायत्री काय म्हणाली ते एका ओळीतही नाही. काशिनाथकाकांच्या घरीही कानबाई बसते. रोट कुणाचा आणि खाल्ल्याने काय होतं हे तिला तुझ्याएवढंच कळतं. दशमी खाल्ल्यावर ती तुझ्याशी काय बोलली? आठवून लिही. मला काळजी वाटते.

आईशी गोड बोल. माझ्या जिवाला घोर लावू नकोस.

तुझी
सुषमाताई

*

उधना
२४ सप्टेंबर २०२५

ती. सुषमाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू देवी आहेस. आईने तोंड इकडे फिरवलं! दत्तूआबांचं नाव ऐकल्यावर दोन दिवस धुसफुसली, मग बाबांना म्हणाली, दसऱ्याला कतारगामला जाऊ, सोनं द्यायच्या निमित्ताने काशिनाथभाऊंच्या कानावर घालू. निरोपही धाडलाय. आई पैठणी काढून उन्हात टाकते आणि परत घडी करते.

तू विचारलंस ती काय बोलली. फार बोलली नाही. दमली होती. ताश्कंद येईपर्यंत खिडकीशी बसून होती, मीही बोललो नाही, असं वाटत होतं की आता बोलायचं राहिलंच काय. उतरताना म्हणाली, रागावर ताबा ठेव, मामांना त्रास देऊ नकोस. काळजीच ना ही?

एकच टेन्शन आहे. ती फोन उचलत नाही. मेसेज वाचते, निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही. परीक्षा असणार. रोज मी स्वतःला सांगतो परीक्षा असणार. काल लूमवर काम करताना लक्ष नव्हतं, सगळा ताणा तुटला. शेठ बोलला, मी उलटून बोललो, मामांनी मधे पडून माफी मागितली. दसरा होऊन जाऊ दे, मग मी एकदम शहाणा होईन.

तू दसऱ्याला येशील का? तू असलीस की माझे हातपाय कापत नाहीत.

तुझा वेडा भाऊ,
गजा

*

अमळनेर
२९ सप्टेंबर २०२५

चि. गजेंद्र यास आशीर्वाद.

हे पत्र श्रीरंगच्या हाती पाठवते आहे. माझा हा दीर उद्या कापड आणायला सुरतला निघालाय. टपालाने उशीर होईल. खाली बसून वाच. आईसमोर वाचू नकोस.

काल गायत्रीचा फोन आला, वहिनी म्हणून मलाच. मी गच्चीवर जाऊन बोलले. कतारगामहून तिला कळलं की दसऱ्याला तुम्ही येताय. रडत होती. ती जे बोलली ते मी काही न झाकता लिहिते, कारण झाकलं तर तू दसऱ्याला तिथे जाऊन आईबाबांचा अपमान करून घेशील.

ती म्हणाली की हद्दीवर तो माणूस फक्त शिक्का तपासायला गेला होता, तिथे नेहमी होतं तसं. पासपोर्ट घेऊन तो परतच येत होता, तेवढ्यात तू त्याची बाही धरलीस. मग त्याने तिघांनाही खाली उतरवायला सांगितलं. चंचल ओक्साबोक्शी रडायला लागली. गायत्रीने स्वतः हात जोडून त्यांच्या भाषेत माफी मागितली, किल्ल्यावाल्या बाईने रदबदली केली, तेव्हा गाडीत चढू दिलं. आणि वर आल्यावर तू बाकावर बसून हसत होतास, जिंकल्यासारखा.

गजा, तिला तू वाईट वाटत नाहीस. पण ती म्हणाली की त्या घटकेला मला माझं पुढचं आयुष्य दिसलं, हा भांडणार आणि मी हात जोडत फिरणार. तोंडाने नाही म्हणायची तिला भीती वाटली, चालत्या गाडीत तू काय करशील सांगता येत नव्हतं. तुझ्या पिशवीत कानबाईचं काही असेल हे तिला ठाऊक होतं, श्रावण होता. तिने विचारून घेतलं रोटाचीच ना. आणि बहीण होण्यासाठी ती दशमी खाल्ली. तिला वाटलं, कानबाईच्या घरचा मुलगा आहे, न बोलता समजेल.

आबांचा न्याय त्यांच्या जागी ठीक. पण खाणाऱ्याच्या मनात काय होतं ते आबांना कोणी सांगितलं नव्हतं. आईला न कळता बरोबर कळलं होतं.

काशिनाथकाकांना तिने गाडीतली सोबत तेवढी सांगितली आहे, बाकी काही नाही. तुझी अब्रू तिने राखली आहे, तू तिची राख. हातात येईल ते फोडू नकोस. मला येता येत नाही, सासूबाईंची तब्येत बरी नाही, माझा जीव तिकडे आहे. दसऱ्याचं काय ते लगेच कळव.

तुझी
ताई

*

उधना
३ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र श्रीरंगदादाने दिलं तेव्हा मी मोटारसायकल पुसत होतो. वाचून तिला लाथ घातली, आरसा गेला. मग मोटारसायकल तिथेच टाकून पांडेसऱ्यापर्यंत चालत गेलो. खूप शिव्या दिल्या, गायत्रीला, तुला, आबांना, त्या टोपीवाल्याला. एकही बरोबर बसली नाही.

आईला मीच सांगितलं. सगळं नाही. एवढंच की तू म्हणालीस तेच खरं, ती बहीण आहे, लग्नाचं बोलायचं नाही. मला वाटलं ती म्हणेल, बघ मी सांगत होते.  तिने पैठणी उचलून आत ठेवली आणि रोजची सुती साडी नेसली. म्हणाली, निरोप दिलाय, सणाचं न जाणं बरं दिसत नाही, फक्त सोनं देऊन येऊ.

मी जाणार नव्हतो. बाबा स्कूटर काढून खाली उभे राहिले, हॉर्न वाजवला नाही, नुसते उभे राहिले. मग गेलो.

काशिनाथकाकांनी फाफडा-जलेबी मागवली होती. काकू आईला आत घेऊन गेल्या. मी खुर्चीच्या कडेला बसून पंखा बघत होतो. तेवढ्यात काकांचा फोन वाजला, गायत्रीचा व्हिडिओ, दसऱ्याच्या नमस्कारासाठी. ती एकेकाला नमस्कार करत गेली आणि काकांनी हौसेने फोन माझ्या हातात दिला, म्हणाले, बोल रे, तुम्ही तर गाडीने तीन देश फिरलात.

ताई, तिच्या चेहऱ्यावर भीती होती. एवढ्याशा काचेत पण दिसली. मी काय बोलतो याची भीती, तिच्या वडिलांच्या देखत. आजवर माझ्याकडे बघून पोरं घाबरली की मला बरं वाटायचं.

 मी विचारलं, तिकडे थंडी पडली का. ती म्हणाली, पडायला लागलीय. मी म्हटलं, अभ्यास कर, तब्येत सांभाळ, आणि फोन काकांना परत दिला. 

परत येताना बाबांनी वाटेत कुठे गाडी थांबवली नाही. घरी आल्यावर आईने माझ्यासमोर ताट ठेवलं आणि माझ्याकडे तोंड करून बसली. घास जात नव्हता, तरी जेवलो.

उद्यापासून मामांकडे कामावर जातो आहे. शेठची माफी मीच मागणार आहे, मामांना मधे पडू देणार नाही. जमेल का माहीत नाही. गायत्रीचा फोन आलाच तर तिला सांग की मी काकांजवळ काही बोललो नाही, काही केलं नाही. एवढंच सांग.

माझ्यावरची तुझी माया पातळ होऊ देऊ नकोस, सध्या तीच एक आहे.

तुझा,
गजेंद्र