भोक नसलेली चकती

रविवार, १४ तारीख
कारखान्यातली ड्रॉइंग रूम, दुपार

प्रिय खटपट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आईचा गुडघा कुरकुरतो, माझा चष्मा पुन्हा बदलला, आणि स्वयंपाकघरातला नळ तू परदेशी गेलास तेव्हा गळत होता तसाच गळतो आहे. प्लंबर येतो, नळाकडे बघून मान हलवतो आणि जातो. घरात दोन माणसं आणि एक नळ, तिघंही म्हातारे झालो.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर आई शेजारी बसलेली असते. शिवाय अवघड विषय निघाला की तुझ्याकडची लाइन नेमकी खराब होते. पत्राला ती सोय नाही.

सुट्टी असूनही कारखान्यात येऊन बसले आहे. तुझ्या जुन्या टेबलावर लिहिते आहे. उजव्या कोपऱ्यात तू कंपासच्या टोकानं कोरलेला बेडूक अजून आहे. नंतर त्या टेबलावर बसलेल्या पोरानं त्याला मिशा काढल्या, पण तोही आता सोडून गेला.

आधी आईची बातमी. सुट्टीत तुम्ही तिघं येणार म्हटल्यापासून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. तुझ्या खोलीतून माझ्या ट्रंका हलल्या, गादी नवी आली, आणि मागच्या आठवड्यात सुताराला बोलावून खिडकीला आडव्या पट्ट्या ठोकून घेतल्या, छकुली चढेल म्हणून. मी म्हटलं, "अगं, एवढीशी पोर, तिचा हात तरी पोचणार आहे का तिथे?" तर म्हणाली, "तू गप्प बस. त्याची मुलगी आहे ती, आल्या आल्या खिडकीच शोधेल." नातीला अजून एकदाही हातात घेतलेलं नाही, पण तिच्या खोड्या हिला पाठ आहेत.

कारखान्याचं विचारशील. विचारत नाहीस, पण विचारशील असं धरून लिहिते. दुसरी पाळी बंद झाली. ओतकामाची भट्टी एक दिवसाआड पेटते. लेथवाले काका मशीन पुसतात, पेपर वाचतात, पुन्हा मशीन पुसतात. मोठे मालक गेल्यापासून त्यांचे जावई सगळं बघतात. माणूस वाईट नाही, पण पंपात पाणी कुठून शिरतं ते त्यांना अजून विचारावं लागतं. परवा मला बोलावून म्हणाले, "ताई, असंच चाललं तर कुलूपच लावावं लागेल." कारण तुला माहीत आहे. पिवळा पंप, तुझ्या कंपनीचा. आपल्या पंपासारखंच गढूळ पाणी ओढतो, निम्म्या किमतीत मिळतो आणि, खरं ते सांगायला हवं, आवाजही कमी करतो.

गेल्या महिन्यात सरकारनं जाहीर केलं की इथल्या रचना चोरून माल बनवणाऱ्या परदेशी कंपन्यांवर निर्बंध घालणार. त्यांचा माल आत येऊ द्यायचा नाही, बँकांनी त्यांच्याशी व्यवहार करायचा नाही. जावयांनी लगेच तक्रार टाकली. कॅन्टीनवाल्यानं त्या दिवशी सगळ्यांना फुकट चहा पाजला. मीही प्याले, पण मला काही उमेद वाटली नाही. पलीकडच्या गल्लीतल्या मोटरवाल्यांचं मी बघितलं आहे ना. मागे त्यांची नक्कल करणाऱ्या कंपनीवर असेच निर्बंध आले होते. वर्षाच्या आत तीच मोटर तिसऱ्याच देशातून तिसऱ्याच नावानं बाजारात हजर, खोकं तेवढं निळं. बुडाला कोण, तर त्या मोटरचे सुटे भाग विकणारा कोपऱ्यावरचा दुकानदार. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मंगळवारी चौकशीला एक सरकारी बाई आल्या. तुझ्याच वयाच्या असतील. गोणपाटात गुंडाळलेला पिवळा पंप त्यांनी स्वतः जिना चढून वर आणला आणि माझ्यापुढे ठेवला. दम लागला होता. मी पाणी दिलं आणि वर दुकानदाराची गोष्टही ऐकवली, माझी जीभ तुला माहीतच आहे.

"खरं आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "कंपनी पाटी बदलते आणि मोकळी होते. म्हणून आता माणसांची नावंही घालतो आम्ही यादीत. रचना कोणी उचलली, कोणी वापरली. एकाचं नाव चढलं की पुढचे दहा जण हात घालायच्या आधी विचार करतात."

"नाव चढलं की काय होतं?"

"इथे येता येत नाही. इथे पैसे पाठवता येत नाहीत."

"किती दिवस?"

"नाव काढेपर्यंत. काढलेलं मी तरी अजून बघितलं नाही."

त्या हे अगदी साध्या आवाजात बोलल्या. मला वाटतं, त्याही दमलेल्या होत्या.

मग आम्ही पंप उघडला. आता पुढचं तुला ठाऊक असलेलंच लिहिते, कारण मला ते एकदा नीट क्रमानं लिहून बघायचं आहे. आपल्या पंपात पाणी ढकलणारी जी पात्यांची चकती असते, तिला मधल्या गाठीपासून दोन बोटांवर एक भोक असतं. त्या भोकाचा उपयोग शून्य. मोठ्या मालकांनी ते मुद्दाम ठेवलं, आणि आपण त्याला चोरभोक म्हणायचो. आपला पंप उघडून नक्कल करणाऱ्याला कशाला काय लागतं हे कळत नसतं, तेव्हा तो ते भोकही इमानदारीत पाडणार आणि तिथेच सापडणार. हे तिघांनाच माहीत होतं: मालकांना, ड्रॉइंग काढणाऱ्या तुला आणि तपासणाऱ्या मला. ड्रिलवरच्या माणसालाही नाही. तो आजही छातीठोकपणे सांगतो की भोकानं पाणी हलकं होतं.

पिवळ्या पंपाच्या चकतीला भोक नव्हतं.

जावयांचा चेहरा पडला. भोकाचं काम काय हे त्यांना माहीत नव्हतं, पण दोन्ही चकत्या वेगळ्या आहेत एवढं दिसत होतं. तुझ्या कंपनीच्या वकिलांचंही तेच उत्तर आलं आहे म्हणे: बघा, यांच्या चकतीला भोक आहे, आमच्या नाही, आमची रचना आम्ही केली, आणि पात्याचं वळण तर पाणीच ठरवतं, कोणीही काढलं तरी तसंच येतं. मला मात्र हायसं वाटलं. निम्मा कारखाना घरी बसायची वेळ आली आणि मला हायसं वाटलं. काय ते समज.

मग सवयीनं मी चकती हातात घेतली. तपासणाऱ्या बाईच्या हातात वस्तू आली की ती फिरवून बघितली जाते, त्याला इलाज नाही. प्रत्येक पात्याच्या मुळाशी गोलाई होती. नखाएवढी. कोणाला दिसलीही नसती. "कोपरा म्हणजे भेगेचं माहेर," असं म्हणत तू प्रत्येक ड्रॉइंगवर द्यायचास ती गोलाई. आणि भोकाच्या जागी धातू किंचित जाड केलेला, चकती तिथे तडकू नये म्हणून. यावरूनच तू मालकांशी भांडला होतास. भोकामुळे चकती तिथेच तडकते, भोक बुजवा, तिथे जाडी द्या. मालक म्हणाले, "भोक राहील. पटत नसेल तर तू मोकळा आहेस." तू मोकळा झालास. तुझं बरोबर होतं. आपल्या चकत्या अजून तिथेच तडकतात.

अरे, चोरी करायची तर मुकाट्यानं भोक पाडून द्यायचंस. भोक असतं तर कंपनी सापडली असती आणि तू सुटला असतास. बाजारातून पंप आणून कोणीही उघडला असेल, असं म्हणता आलं असतं. भोक नाही म्हणून कंपनी सुटायला आली आणि तू सापडलास. तेही फक्त मला. पण जी चकती चुकीची आहे हे तुला माहीत आहे, ती बनवणं तुला जमलंच नाही.

बाईंनी विचारलं, "काही दिसलं का?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी पंप पुन्हा गोणपाटात बांधला आणि शुक्रवारी परत येईन म्हणाल्या.

मधले दोन दिवस मी काम केलं, म्हणजे टेबलं पुसली. मला राग आला होता, तो इथे लिहूनच टाकते. सुधारणा तुझी होती, मान्य. पण पात्याचं वळण तुझं नव्हतं. ते मालकांनी बादल्याबादल्यांनी गढूळ पाणी आणून, लाकडाची पाती घासून घासून शोधलं, तेव्हा आपण दोघं शाळेत होतो. आणि त्याहून जास्त राग कशाचा आला, तर गेलं वर्षभर तू फोनवर कारखान्याचं नावही काढलं नाहीस याचा. मला वाटायचं, जुना राग गेला नाही अजून. मी मूर्ख, लेथवाल्या काकांना तुझ्या वतीनं नमस्कार सांगत फिरत होते.

शुक्रवारी बाई आल्या आणि मी सांगितलं. भोक कशासाठी ते, कोणाला माहीत होतं ते, गोलाई आणि जाडी कोणाच्या हातची ते. तिसरा माणूस आता कुठे नोकरी करतो, तेही.

"तो तुमच्या ओळखीचा?"

"धाकटा भाऊ."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "यादी महिनाअखेर निघेल. त्याआधी तो स्वतः आला, कोणाच्या सांगण्यावरून केलं ते त्यानं सांगितलं, तर त्याचं नाव घालायचं की नाही याचा विचार होतो. हमी देत नाही मी. त्याला कळवायचं असेल तर कळवा."

म्हणून हे पत्र, उद्याच कुरिअरनं टाकते. एवढी पानं लिहून शेवटी इथे आले.

का सांगितलं, असं विचारशील. कारखान्यातल्या घराघरांचा विचार केला असं लिहिलं तर बरं दिसेल, पण ते खोटं आहे. शुक्रवारी त्यांनी चकती पुन्हा पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "एकदा परत बघता?" समोर वस्तू आहे, विचारणारी सरळ विचारते आहे, आणि मला चुकीवर बरोबरची खूण करता आली नाही. तुला चुकीची चकती बनवता येत नाही, तसंच हे. एका घरातले आहोत, दुसरं काय होणार.

आईला काल सांगितलं. मला वाटलं होतं रडेल किंवा मला बोलेल. तिनं सगळं ऐकून घेतलं, गुडघ्यावरचा हात काढला नाही. मग म्हणाली, "लहानपणी घरातली घड्याळं उघडायचा, पण निदान परत जोडून ठेवायचा." बस, एवढंच. संध्याकाळी मी भाजी चिरत होते, तेव्हा दारात येऊन उभी राहिली. "त्या खिडकीच्या पट्ट्या काढून टाकायला सांगू का सुताराला?"

मी म्हटलं, "राहू देत."

तुझी नोकरी जाईल, कदाचित आणखीही काही जाईल, हे मला कळतं. तिथलं घर, छकुलीची शाळा, सगळं मांडलेलं उधळून ये असं सांगणं सोपं नाही, आणि आल्यावर काय होईल ते मला माहीत नाही. न आलास तर काय होईल ते माहीत आहे. मग आई छकुलीला फोनच्या काचेतच बघेल, असेल तितके दिवस. माझ्यावर चिडायचं असेल तर खुशाल चीड, मी काही कुठे जात नाही. बायकोला आशीर्वाद, छकुलीला आत्याचा पापा.

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात दोन चौकटी असायच्या. "काढले"खाली तुझी सही, "तपासले"खाली माझी. आपली दोघांची भांडणं त्या दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर व्हायची, आणि तू हरलास की रबर फेकून मारायचास. हे पत्र काढलंही मी आणि तपासलंही मीच. माझं कुठे चुकलं असेल, तर समोर येऊन दाखव.

तुझी,
ताई