माझ्या पश्चात सर्व काही आईला

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, चष्म्याच्या दुकानाची निवृत्त मालकीण, हे मृत्युपत्र माझ्याच अकलेने आणि माझ्याच अक्षरात लिहिते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आई शेजारी बसून वाटाणे सोलते आहे आणि मधूनमधून वाकून कागदात बघते आहे. त्याला दबाव म्हणत नाहीत.

कच्चा मसुदा वाचून वकिलांनी विचारले, "बाई, वारसाच्या जागी आईचं नाव चुकून पडलं का?" चुकून नाही. आई चौऱ्याण्णव वर्षांची आहे. घरदार वरून खाली जाते हे मलाही ठाऊक आहे. पण मागच्या थंडीत मी स्टुलावरून पडले, आणि आमच्या दोघींत आधी नंबर कोणाचा, याची खात्री राहिली नाही.

कलम एक. पहिल्या मजल्यावरचे राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची गॅलरी, सर्वस्वी आईला. तिच्या मर्जीवाचून तिला इथून कोणीही हलवू नये. हे वाक्य धाकट्या भावासाठी आहे. तो वाईट नाही, घाबरट आहे. त्याचे कारणही इथेच सांगून टाकते.

पडले तेव्हा मी बल्ब बदलत होते. खुब्याचे हाड मोडले आणि खिशातला फोन माझ्याच अंगाखाली चिरडला. घरात आम्ही दोघीच. जिना आईला कित्येक वर्षे बंद होता, आणि बंद मीच केला होता. गॅस बंद, सुरी बंद, जिना बंद. जिवापाड जपणे म्हणजे हेच, अशी माझी समजूत. आईने मला नीट न्याहाळले, "हलू नकोस" एवढेच म्हणाली आणि बाहेर गेली. एकेका पायरीवर बसत, सरकत खाली पोचली आणि तळमजल्यावरच्या ड्रिल मास्तरांचे दार काठीने बडवले. मास्तर सांगतात, त्यांना चपला सापडेनात, तर म्हातारीने त्यांनाच झापले.

मी दवाखान्यातून घरी आले तसा भाऊ धावत आला. येताना वृद्धाश्रमाचे गुळगुळीत रंगीत माहितीपत्रक घेऊन आला होता. शेजारी शेजारी दोन खोल्या, बाहेर हिरवळ. आईने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले आणि मग त्यावर आमटीचे गरम पातेले ठेवले.

"अगं, पण तुम्हा दोघींना बघणार कोण?" भाऊ म्हणाला.

"हिला मी बघतेय," आई म्हणाली. "तुला वेळ असेल तर भांडी घास."

त्याने घासली. आठवडाभर राहिला, रोज घासली. जाताना न्हाणीघरात धरायला दांडे बसवून गेला, तेही चक्क सरळ. तेव्हा त्याच्यावर माझा राग नाही. मात्र बाबांची सायकल त्याने मला न विचारता विकली हे मी विसरलेले नाही. त्याबद्दल कलम दोन: ज्यावरून मी पडले ते स्टूल धाकट्या भावाला. भावजयीने ज्याला कायम "तो रेड्याच्या रंगाचा सोफा" म्हटले, तो तिला. नेण्याचा खर्च तिचा.

कलम तीन. मी अंथरुणावर होते तोवर घर आईने चालवले. भाजी चिरायला तिला तास लागे, पण ती चिरत असे. व्यायाम शिकवणारी बाई जे सांगून जाई, ते आई माझ्याकडून करून घेई. मी कंटाळा केला की चहा लांब टेबलावर ठेवी आणि म्हणे, ये घ्यायला. अशीच मी पुन्हा चालायला लागले.

एका दुपारी मी तिला विचारले, "हे सगळं तुला जमत होतं, तर इतकी वर्षं गप्प का बसून राहिलीस?"

ती म्हणाली, "दुकान सोडून घरी आलीस तेव्हा तुझे हात रिकामे झाले होते. माझं करण्यात तुझा जीव रमला. म्हणून बसून राहिले."

मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तेव्हा माझी सर्व शिल्लक आईच्या सेवेसाठी, पण सेवा कशी, हे लिहून ठेवते. मदतीला बाई ठेवावी. तिने आईच्या हातातले काम ओढून घेऊ नये. जिना रोज उतरावा, कोणीतरी पुढे राहून. डॉक्टरांनी आईला विचारले तर उत्तर आईनेच द्यावे. तिच्या उजव्या कानाशी सावकाश बोलावे, ओरडू नये. ती बहिरी आहे, परदेशी नाही.

कलम चार. दुकानातली भिंग घासायची यंत्रे आणि बारीक पेचकसांची पेटी, आता दुकान सांभाळणाऱ्या माझ्या जुन्या मदतनीस बाईला. तिने गिऱ्हाइकाला "आता वय झालं" असे कधीही म्हणू नये. नंबर वाढला आहे, एवढेच म्हणावे.

कलम पाच. वकील म्हणाले, आईनंतर घर कोणाला, तेही लिहा. आई म्हणाली, ते मी माझ्या मृत्युपत्रात बघेन. तेव्हा ते तिथे बघावे.

कलम सहा. आई माझ्याआधी गेली तर काय, हेही लिहावेच लागते म्हणे. मी तीनदा पेन उचलले आणि ठेवले. शेवटी आईने वाटाण्यांचे ताट बाजूला सारले आणि म्हणाली, "मी सांगते, तू लिही." तिचे शब्द जसेच्या तसे:

"मी आधी गेले तर हिने रडावं, पण जेवून घ्यावं. माझी खोली तशीच बंद करून ठेवू नये, भाड्याने द्यावी. चांगलं बोलणारं कोणीतरी बघावं. आणि हिच्या मनात येईल की आईचं अजून करायचं राहिलं. काही राहिलं नाही."

या कलमात बदल करण्याचा हक्क मला नाही.

वरील सर्व मी दोन वेळा वाचले, आईने एकदा मोठ्याने वाचले. मला मान्य आहे.

ठिकाण: आमचे स्वयंपाकघर
दिनांक: आजचा, शिक्का वकील मारतील
सही: चष्मेवाली ताई

आम्हा दोघांसमक्ष सही झाली, आणि या कागदाने आम्हाला काहीही मिळत नाही:
१. तळमजल्यावरचे ड्रिल मास्तर
२. घरी येणारे डॉक्टर