चिठ्ठ्या आमच्या, मतं त्यांची

इतवारी, नागपूर. गुरुवार, संध्याकाळ.

आमचा उमेदवार पडला. मध्यावधी निवडणुकीत हा वॉर्ड आपलाच, असं पक्षाच्या कचेरीत छातीठोकपणे सांगणारा मीच. कशाच्या जोरावर? तर मतदानाच्या दिवशी यादीतला नंबर लिहिलेली चिठ्ठी घ्यायला अख्खी गल्ली माझ्या टेबलाशी. कडुनिंबाची सावली, शेजारी वाळा घातलेला माठ. समोर विरोधकांचं टेबल उन्हात, रिकामं. मी आपला प्रत्येक चिठ्ठी म्हणजे एक मत धरत गेलो.

आज निकाल ऐकून आमचे वॉर्ड अध्यक्ष करवादले, "चिठ्ठ्या तर साऱ्या तुमच्या टेबलावरून गेल्या, मंग मतं कुठी गेली जी?"

घरी येताना शेजारच्या गंगूबाईंना सरळच विचारलं. त्या ओट्यावर मेथी निवडत होत्या.

"मत त्यायलेच देलं, काकाजी," मान वर न करता म्हणाल्या. "पण त्यायले यादीत नावच सापडून नाही राहिलं. तुमी पाहिल्याबरोबर काढून देता. अन् माठ बी तुमच्याचपाशी होता."

माठ! हे मला तेव्हाच कसं सुचलं नाही? राग यायला हवा होता, पण हसूच फुटलं. इतकं खरं कचेरीत कोणी माझ्या तोंडावर बोलत नाही.

निघालो तर मागून म्हणतात, "पुढच्या वेळी बी टेबल लावजा बरं, काकाजी."

लावतो म्हणालो. वर, माठ याहून मोठा आणतो, असंही कबूल करून आलो.