उजवीकडची दुमड

रविवार, ९ जून

ती. ताईस,

साष्टांग वगैरे लिहिलेलं तुला आवडत नाही, म्हणून नुसता नमस्कार. मी बरी आहे. तुझे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना कठडा धरतेस ना, की अजून मिजास तीच?

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर आपलं पाच मिनिटांत वाजतं. मागच्या वेळी तर मी तुझं बोलणं पुरं व्हायच्या आत फोन ठेवला. कागदावर तोंड जरा ताब्यात राहतं. लहानपणी तू मला सुई म्हणायचीस ते काही उगाच नाही.

तू सांगितलेल्या तीन बंड्या शिवायला घेतल्या आहेत. पाठीला लावायच्या त्या प्लास्टिकच्या कडक पट्ट्याच्या आत माझ्या मुंगीला मऊ काहीतरी हवं, काखेपासून कमरेखालपर्यंत, कुठे टोचणार नाही असं, हे तू म्हणाली होतीस. म्हणून नळीचं होजिअरी कापड आणलं. ते मोज्यासारखं गोल विणलेलं येतं, बाजूला शिलाई घालावीच लागत नाही. आधी धुतलं आणि दिवसभर पलंगावर पसरून ठेवलं. ताणाचं कापड आणल्या आणल्या कापलं की पहिल्या धुण्यात हिसका दाखवतं. हे मुंगीलाही पाठ आहे. तिला विचार, ती तुला तासभर शिकवील.

उरलेल्या कापडात माझीही एक बंडी निघेल. हस तू. मला तर पट्टा नाही. पण तिला एक आणि मला एक, एकाच कापडाचं, हा आमचा नियम ती तीन वर्षांची असल्यापासूनचा आहे, तो मोडायला हात धजत नाही. समोरचा इस्त्रीवाला आम्हाला मोठी मुंगी आणि छोटी मुंगी म्हणतो. तिच्या ड्रेसला कॉलर नको, खिसे हवेतच, गळ्याला आतून लेबल नको, बाहीच्या टोकाला अंगठा घालायला भोक हवं. अशी फर्माईश करणारं गिऱ्हाईक दुसरं असतं तर मी दारातूनच परत पाठवलं असतं.

आता त्या पिवळ्या ड्रेसबद्दल. तू तिला सुट्टीसाठी नेलंस, हौसेने तयार ड्रेस घ्यायला गेलीस, आणि दुकानातल्या आरशात त्याची कड उजवीकडे वर चढलेली तुला दिसली. दुसऱ्या कोणी ड्रेस बदलून मागितला असता. तू तिची पाठ बघितलीस. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे चढवतेस, तुझी नजर ती. आणि मी तुला काय म्हटलं? विकतचं ते विकतचंच, माझ्या मुलीत खोट काढू नकोस. ते शब्द मागे घेते, ताई. एक्स-रेत कणा वाकलेला दिसल्यावर माझ्या बोलण्याला काय अर्थ राहिला.

डॉक्टरबाई विचारतात ना, कधीपासून? चार महिने. फार तर सहा. या वयात मुली भराभर वाढतात, त्यातच झालं असणार. मी दिवसाचे दहा तास मशीनवर, माझ्या लक्षात आलं नाही. तसंच सांग त्यांना.

मुंगी फोनवर येत नाही. कधी झोपली आहे, कधी अंघोळीला गेली आहे. ताई, इतक्या अंघोळी करणारी मुलगी मी वाढवलेली नाही. रागावली असेल तर सांग, मला ऐकायची तयारी आहे. जाताना माझा निळा ड्रेस तिने स्वतःच्या बॅगेत कोंबला होता, झोपताना घालायला. धुतलास तर उलटा करून सावलीत वाळव.

ऑपरेशन टळेल ना? पट्ट्यावर भागेल ना? बाकी काही लिहू नकोस, तेवढं कळव.

मुंगीची आई


गुरुवार, २० जून

ताई,

तुझं पाकीट परवा आलं. तुझी दोन पानं आणि मुंगीची चिठ्ठी. आधी चिठ्ठीच वाचली. परवापासून मशीनवर बसलेले नाही. शाळेच्या शिपाईमामांची पँट, भाजीवालीचे दोन गाऊन, सगळं तसंच पडलं आहे.

चिठ्ठीत तिने काय लिहिलं ते तुला दाखवलं की नाही, मला माहीत नाही. म्हणून उतरवून काढते.

‘आई, मी माझा हिरवा ड्रेस हँगरला लावला. उजवी बाजू सव्वा इंच लांब आहे. तू म्हणायचीस ताणाचं कापड धुतल्यावर तिरकं फिरतं. तसं फिरलं असतं तर बाजूची शिलाईपण पुढे आली असती. तूच शिकवलंयस. शिलाई सरळ आहे. मग मी तुझा निळा ड्रेस बघितला. त्याची खालची दुमड उजवीकडे एक इंच जास्त आहे आणि तिथला दोरा नवा आहे. आई, कापड वाकडं नव्हतं ना?’

एवढंच. खाली नाव नाही, काही नाही.

तुझ्या पत्रात तू लिहिलंस की चार महिन्यांत कणा एवढा वाकला असेल तर डॉक्टरबाई थांबायला तयार नाहीत. हळूहळू, वर्षावर्षाने वाकला असेल तर आधी पट्टा लावून बघता येईल. सोमवारी त्या ठरवणार. आणि ‘चार महिने’ हे उत्तर माझं. मी स्वतःला वाचवायला दोन शब्द लिहिले, आणि त्या शब्दांवर माझ्या मुलीची पाठ उघडायचं ठरत होतं.

चार महिने नाहीत, ताई. अडीच वर्षं.

सोबत खाकी कागदांची गुंडाळी आहे. मुंगीच्या ड्रेसची कागदी कटिंगं आहेत ती, पाच. दर नव्या ड्रेसला मी आधी कागद कापते आणि कोपऱ्यात तारीख घालते, शिवणक्लासमधल्या बाईंनी लावलेली सवय. पहिला कागद ती साडेदहा वर्षांची असतानाचा. त्यात उजवी बाजू डावीपेक्षा पाव इंच लांब. मग अर्धा. मग पाऊण. मग एक, आणि शेवटचा सव्वा. उजव्या खांद्याचा उतारही दर वेळी थोडा कमी केलेला आहे, तिथे लाल पेन्सिल आहे. शेवटच्या दोन कागदांवर पाठीला उजवीकडे जास्तीचं कापड सोडलेलं दिसेल. तिथे तिची फासळी वर आली होती. डॉक्टरबाईंना हे सगळं दाखव. कधीपासून आणि किती वेगाने, हे त्यांना यापेक्षा नीट कोणी सांगू शकणार नाही.

म्हणजे मला दिसत होतं. गेल्या पत्रात लिहिलं की लक्षात आलं नाही. अगं, टेप माझ्याच हातात होता.

पहिल्यांदा वाटलं, दप्तर एका खांद्यावर घेते म्हणून असेल. दप्तर बदललं. मग वाटलं, अभ्यासाला वाकडी बसते. खुर्ची बदलली. तिसऱ्या कागदाच्या वेळी मला वाटायचं काही उरलं नव्हतं. तरी मी कापड कापलं, टीप मारली, तिला आरशासमोर उभी केली, आणि कड इतकी सरळ आली की मला बरं वाटलं. अभिमान वाटला, ताई. एवढी सफाई शहरातल्या कुठल्या शिंप्याला जमली नसती. मांजर डोळे मिटून दूध पितं तशी मी अडीच वर्षं पीत राहिले.

तू विचारशील, डॉक्टरकडे का नेलं नाहीस. तुला माहीत आहे. तिचे बाबा साध्या खोकल्यासाठी एक्स-रे काढायला गेले होते, दुपारच्या जेवणाला परत येतो म्हणून. त्यानंतर अकराच आठवडे होते ते. त्या दिवशीची भाजी मी झाकून ठेवली होती. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं आहे की एक्स-रे काढला नाही तर काही निघत नाही. वेडेपणा आहे, कळतं मला. पण तिला त्या दारातून आत नेण्यापेक्षा इंचभर कापड जास्त कापणं सोपं होतं.

आता निळ्या ड्रेसचं. हे लिहायला बसले आणि दोनदा उठून ओटा पुसून आले.

दीड वर्षापूर्वी मी आम्हा दोघींना निळे ड्रेस शिवले. त्यानंतर ती एकदम उंच झाली आणि तिच्या ड्रेसची कड उजवीकडे चढायला लागली. शाळेत कोणी मैत्रीण बोलली. घरी येऊन आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘आई, हे माझंच वाकडं आहे का गं?’

तेव्हा हो म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, ‘छे! कापडच बदमाश आहे. माझ्याही ड्रेसचं तसंच झालंय, दाखवते उद्या.’

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी माझ्या ड्रेसची दुमड उसवली, उजवीकडे एक इंच जास्त आत घेतली आणि पुन्हा टीप मारली. घाईत दोरा दुसऱ्या रिळाचा लागला. संध्याकाळी आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिलो. दोघींच्या कडा उजवीकडे चढलेल्या. ती इतकी हसली! म्हणाली, ‘दुकानदाराने आपल्याला एकत्रच फसवलं.’ मीही हसले. महिनाभर मी तो ड्रेस तसाच घालून बाजारात फिरले, बायका खुणावायच्या, मी म्हणायचे कापड तसंच आहे. पुढच्या ड्रेसपासून तिच्या कागदात आणखी वाढवत गेले, म्हणजे तिने पुन्हा कधी विचारू नये.

आपल्यासारखंच आपल्या आईचं आहे म्हटल्यावर पोर निर्धास्त झाली. तिला एक आणि मला एक, हा तिचा सगळ्यात लाडका नियम, आणि तोच मी तिला गप्प करायला वापरला. ती माझ्याशी बोलत नाही याचं मला आता नवल वाटत नाही. माझा ड्रेस घालून ती किती दिवस झोपली, आणि कुठल्या दिवशी ती दुमड तिच्या हाताला लागली, हे मात्र मनातून जात नाही.

तू लिहिलंस, ‘ती म्हणते, आईला इतक्यात बोलावू नकोस.’ येणार नाही. सोमवारी तू तिच्याबरोबर आत जा. एक्स-रे काढताना बाहेर थांबायला सांगतात, तेव्हा दाराजवळच्या बाकावर बस, तिला काचेतून कोणीतरी दिसू दे. रक्त काढताना ती डावा हात पुढे करते, उजवा देत नाही.

तिन्ही बंड्या पाठवते आहे. यांत उजवं-डावं काही केलेलं नाही. दोन्ही बाजू सारख्या आहेत. अंगात घातल्यावर एक बाजू चढेल, ती चढू दे. माझी चौथी कापली नाही. उरलेलं कापड तसंच घडी करून ठेवलं आहे.

हे पाकीट आज कुरियरने देते, उद्या तुला मिळेल. शनिवारी फोन करीन, कागद डॉक्टरबाईंकडे न्यायचे लक्षात आहे ना एवढंच विचारायला. तू उचल. तिला द्यायचा आग्रह करणार नाही.

हे पत्र तू तिला वाचून दाखवू नकोस. तिच्या हातात दे आणि तू दुसऱ्या खोलीत जा. सोबत माझी लहान कातरी ठेवली आहे, दोरे कापायची, तिला ती नेहमी हवी असायची. म्हणावं, निळ्या ड्रेसची दुमड उसव. आत पहिल्या दुमडीची घडी अजून दिसेल, होजिअरीवरची इस्त्रीची रेघ सहज जात नाही. वरून त्या रेघेपर्यंत टेप लावून बघ. उजवीकडून, डावीकडून, कुठूनही.

कापड सरळ होतं, मुंगे.

खाली नेहमीसारखं मुंगीची आई लिहायला पेन टेकवलं होतं. ते आज राहू दे, ताई.

तुझी धाकटी