पहिलं लेक्चर फुकट

५ जानेवारी
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. कर्ज विभागातली अधिकाऱ्याची जागा वर्षअखेर रिकामी होतेय. म्हणाले, अनुभव आहे हो तुम्हाला, पण हेड ऑफिस नुसत्या अनुभवावर ऐकत नाही. नावापुढे काहीतरी लागतं. नोव्हेंबरात मुलाखती.
काहीतरी? घ्यायचं तर सर्वोत्तम घ्यायचं. पासबुकाच्या मशीनमध्ये कागद अडकला की तो उपसत बसायचे दिवस संपले. हे वर्ष माझं.

६ जानेवारी
घरी सांगितलं. ही म्हणाली, चांगलंय, पण गिटारसारखं करू नका. इथे गिटारचा काय संबंध? आणि गिटार माळ्यावर सुस्थितीत आहे.

११ जानेवारी, रविवार
मोठा शोध! प्रत्येक क्लासचं पहिलं लेक्चर फुकट असतं. म्हणजे आधी सगळ्यांची पहिली लेक्चरं ऐकायची, तुलना करायची, मगच फी. लोक घाई करतात आणि तिथेच फसतात.
आज सीएचं ऐकलं. अकाउंटिंग ही व्यवसायाची भाषा आहे म्हणे. अंगावर काटा आला. चहा, बिस्किटं. बिस्किटं मऊ पडलेली.

१ फेब्रुवारी, रविवार
एमबीए. पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल, असं सरांनी प्रत्येकाला विचारलं. मी म्हटलं, कर्ज विभागात. शेजारची मुलगी म्हणाली, बँकेची मालकीण. हल्ली कुणाला धरबंधच नाही.
क्रीमची बिस्किटं.

१० फेब्रुवारी
शेजारच्या काउंटरवर मुंगी बसते. नाव मीच ठेवलंय, तिच्या लगबगीवरून. तीही त्याच जागेच्या मागे आहे! कर्जपुरवठ्याचं सहा महिन्यांचं सर्टिफिकेट करतेय. नुसतं सर्टिफिकेट! मी समजावलं, बाई गं, आधी सगळं मैदान फिरून बघावं. म्हणाली, काका, मला कर्ज विभागात जायचंय ना, म्हणून कर्जाचं घेतलं.
किती संकुचित दृष्टी. आणि काका कोण? मी जेमतेम चाळिशीत आहे.

१५ मार्च, रविवार
रिस्क मॅनेजमेंट. सरांनी फळ्यावर जो आलेख काढला, तोच एमबीएवाल्यांनी काढला होता. मी सरांच्या आधी वहीत काढून मोकळा. प्रगती आहे.

२४ मे, रविवार
ॲक्चुअरी. माणूस साधारण किती जगेल, याचं गणित मांडता येतं! घरी येऊन हिला सांगितलं. म्हणाली, तुमचं मी सांगते, एखादा कोर्स निवडेपर्यंत जगलात तरी देव पावला. हिचा स्वभाव मूळचाच विनोदी.

८ जून
अभ्यासाची खोली सज्ज. टेबल मोठं घेतलं, उगाच कंजुषी नको. ते दारातून आत जाईना, म्हणून दार काढलं. दार सध्या हॉलमध्ये भिंतीला टेकवलंय. ही म्हणाली, बसवा ते. म्हटलं, कोर्स निवडला की लगेच.

१९ ऑगस्ट
शाखेत माझं वजन वाढलंय. कोर्सबद्दल विचारायला लोक माझ्याकडे येतात. आता ग्राहकसुद्धा. आज रांग पार जिन्यापर्यंत गेली. साहेब धावत आले, मशीन बिघडलं का? म्हटलं, छे, मार्गदर्शन चालू आहे. साहेब कपाळाला हात लावून केबिनमध्ये परत गेले. भारावले असावेत.

७ सप्टेंबर
मुंगीची परीक्षा. निघताना म्हणाली, काका, आशीर्वाद द्या. दिला. प्रतिस्पर्ध्याशीही मोठ्या मनाने वागावं.
परवा पडवळासारखा लांब चेहरा करून अभ्यास करत होती. आपलं तसं नाही. आपण ताजेतवाने.

११ ऑक्टोबर, रविवार
निवड झाली! सीएफए, गुंतवणुकीतला सगळ्यात मोठा कोर्स. क्लासला फोन केला. पूर्ण व्हायला काही वर्षं लागतात म्हणे. मुलाखत पुढच्या महिन्यात. या लोकांना वेळेचं काही नियोजनच नाही.
साहेबांनी परवाच अर्जात माझ्या नावापुढे ‘शिक्षण चालू’ असं लिहिलं. चालूच आहे की.

१७ नोव्हेंबर
मुलाखत. समोर तिघे. पहिला प्रश्न, रिस्क म्हणजे काय? मी असा सुटलो की मधल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, वा. आता समजा, एका बेकरीवाल्याला नवी भट्टी घ्यायला कर्ज हवंय. तुम्ही काय काय तपासाल?
हे बहुधा दुसऱ्या लेक्चरला शिकवतात.
म्हटलं, बेकरीवाल्याने आधी बाजारातल्या सगळ्या भट्ट्या पाहून घ्याव्यात. घाई करू नये.
मुलाखत उत्तम झाली. तिघंही शेवटपर्यंत हसत होते.

१ डिसेंबर
जागा मुंगीला. तिने अख्ख्या शाखेला केक वाटला. मला मोठा तुकडा, वर चेरी.
संध्याकाळी तिने आत बोलावलं. काका, बसा. माझ्या हाताखाली एक जागा आहे, पासबुकातून सुटाल. पण सर्टिफिकेट लागेल, मी केलं तेच. फॉर्म तिने भरूनच ठेवला होता. म्हटलं, करतो की, आधी जरा त्यांचं फुकटचं लेक्चर... ती म्हणाली, काका, सही.
एका दिवसात पोरीचा आवाज थेट साहेबांसारखा झालाय. सही केली.

६ डिसेंबर, रविवार
पहिलं लेक्चर. विषय परिचयाचा, त्यामुळे निवांत. सर तेच, रिस्क मॅनेजमेंटवाले. पाहताच ओळखलं. म्हणाले, अहो तुम्ही! आम्हा सगळ्या क्लासवाल्यांना वाटायचं, तुम्ही कुणीतरी पाठवलेले हेर आहात. आणि खरंच फी भरलीत?
फी भरलेल्यांना बिस्किटं नसतात. हे आधी कुणी सांगितलं नाही.

१३ डिसेंबर, रविवार
आयुष्यातलं पहिलं दुसरं लेक्चर. फळ्यावर बेकरीच होती. भट्टीही होती. मला ओ की ठो कळलं नाही.
घरी येऊन मुकाट्याने दार बसवलं. बसवल्यावर लक्षात आलं, उलटं बसलंय, कडी बाहेरून आली. पुन्हा काढायला लागलो, तर हिने स्क्रूड्रायव्हर हातातून काढून घेतला. म्हणाली, राहू दे. परीक्षेपर्यंत हेच बरंय.
आतून लिहितोय.