एका कानाची मांजर

चि. विक्रांत,
अनेक आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे? पल्लवीचा खोकला थांबला का? मुक्ताचा हलणारा दात... तो पडलाय. मी पाहिलं.

परवा टावर चौकात भाजी घेत होते. कुल्फीच्या ठेल्यापाशी एक पोर उभी, आणि तिच्या टी-शर्टवर माझी मांजर! मुक्तानेच काढलेलं चित्र, मी व्हिडिओ पाहून छापाच्या कागदावरून इस्त्रीने टी-शर्टवर उतरवलेलं. कागद गरम असतानाच घाईने सोलला, म्हणून मांजरीचा एक कान कागदावरच राहिला. तो मी जपून ठेवलाय, हे मुक्ताला फोनवर सांगितलं होतं.

कुल्फीवाल्याने विचारलं, "बेटा, बिल्ली का एक कान कहाँ गया?"

"मेरी आजी के पास है," ती ऐटीत म्हणाली.

तिच्यामागे पल्लवी होती, आणि समोरच्या हॉटेलातून तू बॅगा घेऊन उतरत होतास. रविवारीच तर फोनवर म्हणालास, "छुट्टीच मिळत नाही गं आई, यंदा येणं जमणार नाही."

हाक ओठांवर आली होती रे. पण मी भाजीवालीच्या छत्रीआड झाले. मला पाहून तुम्ही त्या पोरीलाही खोटं बोलायला लावलं असतंत. घर दहा मिनिटांवर असताना पोटचा पोरगा हॉटेलात उतरला, हे फार लागलं.

हे पत्र टाकणार नाही. त्या कानाशेजारीच डब्यात ठेवते. पण पुढचा टी-शर्ट करायचाय, म्हणून दुसऱ्या पत्रात एवढंच लिहून टाकीन: मुक्ताचं माप लिही. तेवढं तरी खरं लिही, आणि लवकर लिही.

तुझी,
आई